हवेची ताकद, तेलाचे चार थेंब

दौंड-मनमाड रेल्वेने कधी प्रवास केलात, तर वाटेत पुणतांबा नावाचं जंक्शन लागेल. गोदावरीच्या काठचं हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, राहाता तालुक्यात आहे. चांगदेव महाराजांची समाधी इथेच. शिर्डीला जाणारा रेल्वेचा फाटाही इथूनच फुटतो. तो २००९ साली सुरू झाला. आणि २०१७ च्या जून महिन्यात शेतकऱ्यांचा जो संप राज्यभर गाजला, त्याची पहिली हाक याच गावातून उठली होती.

चला, आज या गावात मनानेच एक फेरफटका मारू. डोळ्यांपेक्षा कान उघडे ठेवा बरं का!

पहिला थांबा स्टेशन. गाडी येऊन थांबली की डब्यांखालून ‘फुस्स्’ असा लांब सुस्कारा ऐकू येतो. दुसरा थांबा रस्त्याकडेचं टायरचं दुकान. उसाच्या ट्रॉलीचं नाहीतर ट्रकचं चाक खोलायचं असतं. दुकानदार पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र नटाला लावतो आणि ‘टर्रर्र’ करून नट बाहेर! तिसरा थांबा शेत. तिथे विहिरीचं खोदकाम चाललंय. वर ट्रॅक्टरला जोडलेला कॉम्प्रेसर, त्याच्यापासून खाली गेलेला जाड पाईप, आणि तळाशी काळ्या खडकात भोकं पाडणारं जॅकहॅमर. त्याची धडधड पार लांबच्या वस्तीवर ऐकू जाते.

आवाज तीन, कामं तीन. पण राबणारा गडी एकच. तो म्हणजे दाबलेली हवा.

हवाच कशाला?

तुम्ही म्हणाल, वीज आहे, डिझेल आहे, मग हवेचा खटाटोप कशासाठी? विहिरीचंच उदाहरण घ्या. तळाशी पाणी असतं, चिखल असतो. तिथे विजेची वायर नेणं म्हणजे जिवाशी खेळ. डिझेलचं इंजिन खाली उतरवलं, तर धूर कोंडून माणसं गुदमरतील. कॉम्प्रेसरचं तसं नाही. धूर, गरमी सगळं वर राहतं, खाली जाते ती फक्त हवा. शिवाय हवेचं हत्यार अडकून बसलं, तर विजेच्या मोटारीसारखं ते जळत नाही. अडकलं की नुसतं थांबतं. सोडवलं की पुन्हा चालू!

खडक फोडणारी हवा आणि रेल्वे थांबवणारी हवा यांचं नातं जुनं आहे. युरोपात फ्रान्स आणि इटली यांच्यामध्ये आल्प्स पर्वत आडवा पसरला आहे. त्यातून १२ किलोमीटरहून लांब बोगदा खणायचं काम १८५७ साली सुरू झालं. सुरुवातीला मजूर घण आणि छिन्नीने भोकं पाडत. काम मुंगीच्या पावलाने चाललं होतं. मग जर्मेन सोमेये नावाच्या इंजिनियरने दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रं तिथे आणली. १८६१ पासून ती खडकाला भिडली आणि १८७१ साली बोगदा खुला झाला.

तिकडे अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस नावाचा एक तरुण रेल्वेला चांगला ब्रेक कसा लावावा, या विचाराने बेजार झाला होता. त्या काळी प्रत्येक डब्यावर माणूस चढून हाताने ब्रेक आवळायचा. एका मासिकात या बोगद्याची हकिगत त्याच्या वाचनात आली, असं सांगतात. ड्रिलपर्यंत एवढ्या लांब पाईपातून हवेची ताकद पोचते, तर गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत का नाही पोचणार? त्याने एअर ब्रेक बनवला आणि १८६९ साली पेटंट घेतलं. तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता. आज आपल्या गाड्यांच्या ब्रेकच्या पाईपात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाची हवा भरलेली असते. हा दाब कमी झाला की ब्रेक लागतो. म्हणजे पाईप तुटला, तरी गाडी आपोआप थांबते.

कॉम्प्रेसर बनवण्यात आपला महाराष्ट्रही मागे नाही. पुण्याच्या हडपसर भागातल्या किर्लोस्कर न्यूमॅटिक या कंपनीची स्थापना १९५८ सालची.

‘गन’च्या पोटात काय असतं?

आता टायरच्या दुकानातली ती गन जरा उघडून पाहू. तिचं नाव इम्पॅक्ट रेंच, पण दुकानात सगळे तिला गनच म्हणतात.

आत एक गोल पोकळी असते. तिच्यात मधोमध नव्हे, तर मुद्दाम जरा एका बाजूला सरकवून बसवलेला एक दंडगोल असतो. हा रोटर. रोटरला उभ्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक पातळ पाती. लाकडी पेन्सिलपेटीचं झाकण खाचेत सरकतं ना, तशी ही पाती आतबाहेर सरकते. पाणचक्कीच्या पात्यांवर पाणी आदळावं तशी हवा या पात्यांना ढकलते आणि रोटर मिनिटाला हजारो फेरे घेतो. फिरताना पाती बाहेर फेकल्या जातात आणि पोकळीच्या भिंतीला घासत राहतात. रोटरच्या पुढे एक छोटा घण असतो. तो नटाकडच्या दांड्यावर ठोसे मारत सुटतो. ‘टर्रर्र’ आवाज त्याचाच.

आता विचार करा. पाती भिंतीला घासतेय, खाचेतही घासतेय, आणि तेही मिनिटाला हजारो वेळा. तिथे तेल नसेल तर काय होईल? पाती झिजेल, तिचे तुकडे उडतील, नाहीतर ती खाचेत अडकून बसेल. मग हवा पातीच्या कडेने निसटते आणि गनचा जोर ओसरतो.

तेल इथे एकाच वेळी तीन कामं करतं. घासण कमी करतं. पाती आणि भिंत यांच्यातली बारीक फट भरून हवा अडवतं. आणि लोखंडावर पातळ थर धरून गंज लागू देत नाही.

गंज? हवेच्या यंत्राला गंज कुठून आला? इथेच तर खरी गंमत आहे.

टाकीतलं पाणी आलं कुठून?

टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या टाकीला तळाशी एक छोटा कॉक असतो. पावसाळ्यात तो उघडला की आधी हवा येत नाही, पाणी येतं! गढूळ, तांबूस पाणी. टाकीत तर कुणी तांब्याभरसुद्धा पाणी ओतलेलं नसतं. मग आलं कुठून?

वही-पेन्सिल घ्या. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. पावसाळ्यात हवा ८० टक्के दमट असली, तर त्या घनमीटरमध्ये २४ ग्रॅम वाफ असणार. समजा, आपला कॉम्प्रेसर तासाला १० घनमीटर हवा ओढतो आणि दिवसाला ८ तास चालतो. म्हणजे ८० घनमीटर हवा आत गेली. तिच्यासोबत ८० गुणिले २४, म्हणजे १९२० ग्रॅम पाणी आत गेलं.

आता ही हवा आपण दाबली. गेजचा काटा ७ किलो दाखवतो. पण काटा शून्यावर असतो तेव्हाही टाकीत बाहेरच्याइतकी हवा असतेच, म्हणून खरा दाब बाहेरच्या आठपट धरायचा. ८० घनमीटर हवा १० घनमीटरात कोंबली गेली. पुन्हा ३० अंशांपर्यंत थंड झालेल्या या १० घनमीटर हवेत वाफ मावणार किती? फक्त ३०० ग्रॅम. मग उरलेलं १६०० ग्रॅमच्या वरचं पाणी कुठे जाईल? थेंब होऊन टाकीच्या तळाशी, पाईपात आणि तिथून गनच्या पोटात!

दीड लिटरहून जास्त पाणी, तेही एका दिवसात. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तेव्हा हे प्रमाण बरंच घटतं. पण पूर्ण थांबत नाही.

हे पाणी तेल धुऊन नेतं. तेलात मिसळून त्याचा ताकासारखा पांढरट चिकटा करतं. लोखंडाला गंज आणतं आणि गंजाची पूड घासपेपरसारखी पात्यांना खाते. आणि सर्वांत वाईट म्हणजे टाकीचा पत्रा आतून कुरतडत राहतं. बाहेरून रंग छान चकचकीत असतो, आत पत्रा पातळ होत चाललेला असतो. एक दिवस तो दाब सोसत नाही. दाबलेल्या हवेची टाकी फुटणं म्हणजे सुरुंग उडण्यासारखंच समजा. तळाचा एक कॉक रोज उघडायचा कंटाळा कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो.

रोजची पाच कामं

मग करायचं काय? कामं अगदी साधी आहेत. पाच मिनिटांचीही नाहीत.

१) संध्याकाळी काम संपलं की दाब उतरवून टाकीचा तळाचा कॉक उघडायचा आणि सगळं पाणी जाऊ द्यायचं. कोरडी हवा येऊ लागली की झालं.

२) सकाळी कॉम्प्रेसरचं स्वतःचं ऑइल किती आहे ते काचेतून बघायचं. हे कॉम्प्रेसरचं ऑइल वेगळं आणि गनचं वेगळं; एकाच्या जागी दुसरं चालत नाही. हवा आत घेणारी जाळी झटकून साफ करायची. ती धुळीने बुजली, तर कॉम्प्रेसरला धाप लागते.

३) गनला पाईप जोडण्याआधी हवा शिरते त्या तोंडात तेलाचे चार-पाच थेंब सोडायचे. मग पाईप जोडून गन काही सेकंद मोकळीच चालवायची, म्हणजे तेल आत सगळीकडे पसरतं. हवा बाहेर पडायच्या भोकाशी फडकं धरायचं, कारण जादा तेल फवाऱ्यासारखं उडतं. दिवसभर सतत काम असेल, तर दुपारी पुन्हा एकदा. रात्री गन ठेवून देतानाही चार थेंब सोडले, तर रात्रभर गंज लागत नाही.

४) पाईप आणि जोड तपासायचे. साबणाचा फेस लावला की गळती बुडबुड्यांनी स्वतःच आपला पत्ता सांगते. ३ मिलिमीटरच्या भोकातून ७ किलो दाबाला सेकंदाला १० लिटरच्या आसपास हवा निसटते. आपल्या उदाहरणातला कॉम्प्रेसर सेकंदाला तीनेक लिटरच हवा ओढतो. म्हणजे असे तीन कॉम्प्रेसर लावले, तरी एका भोकाची भूक भागायची नाही!

५) टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलेला नाही ना, हे माहीतगाराने ठरलेल्या वेळी बघायचं. तो बांधून ठेवायचा नाही, त्याच्यावर बूच मारायचं नाही. टाकीत दाब प्रमाणाबाहेर जाणार नाही याची सोय असायलाच हवी, असं कारखान्यांसाठीचा १९४८ चा कायदासुद्धा सांगत होता.

मोठ्या वर्कशॉपमध्ये थेंब सोडायला माणूस लागत नाही. भिंतीवर पाईपाच्या वाटेत तीन भांडी ओळीने बसवलेली असतात. पहिलं पाणी आणि कचरा अडवतं, दुसरं दाब ठरावीक ठेवतं आणि तिसरं हवेत तेलाचा बारीक तुषार सोडतं. तिसऱ्याच्या काचेतून मिनिटाला एक-दोन थेंब टपकताना दिसतात. क्रम मात्र हाच हवा. आधी पाणी काढायचं, मग तेल घालायचं. उलटं केलं, तर घातलेलं तेल पहिल्याच भांड्यात अडकून बसेल.

जॅकहॅमरचंही असंच. त्याच्या पाईपात तेलाची एक डबी जोडलेली असते. पण मिनिटाला दोन हजारांच्या आसपास ठोके मारणाऱ्या या गड्याला गनचं पातळ तेल पुरत नाही, धातूला चिकटून राहणारं दाट ऑइल लागतं. तेल पोचतंय की नाही हे कसं ओळखायचं? जाणता माणूस यंत्र बंद करून ड्रिलचा दांडा काढतो आणि त्याचं वरचं टोक बघतो. ओलसर, तेलकट असलं तर ठीक. कोरडं ठाक असलं, तर काम थांबवून आधी डबी भरायची. कारण विहिरीत यंत्र बंद पडलं, की मजूर बसून राहतात, कॉम्प्रेसरचं भाडं चढत जातं आणि पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशाला भोक पडतं.

तेल चुकीचं, तर घात

घरात स्कूटरचं इंजिन ऑइल पडलंय, तेच चार थेंब घालू का? नको. ते दाट असतं, पाती खाचेत चिकटतात. रॉकेल? तेही नको. त्याने घाण सुटते खरी, पण तेलाचा थरही धुऊन जातो. अशा गनसाठी पातळ तेल वेगळं मिळतं. दुकानात न्यूमॅटिक टूल ऑइल म्हणून मागायचं. घणाकडच्या भागाला मात्र तेल नव्हे, ग्रीस लागतं. तेही कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच.

काही ठिकाणी तर तेलाचा थेंबसुद्धा चालत नाही. गाडी रंगवायच्या स्प्रे गनच्या हवेत तेल आलं, की रंगावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. रेल्वेच्या ब्रेकमध्ये रबराचे भाग असतात आणि तेलाने रबर फुगतं, खराब होतं. म्हणून तिथे हवा होईल तेवढी कोरडी आणि तेलमुक्त ठेवतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, गॅस वेल्डिंगच्या ऑक्सिजनच्या नळकांड्याला तेलकट हातही लावायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले, तर भडका उडतो. एकच तेल एका यंत्राचा जीव वाचवतं आणि शेजारच्या यंत्राचा घात करतं. म्हणून तेल घालण्याआधी ते कुठे घालतोय, हे विचारायचं.

गनचा जोर कमी झाला की काही जण पहिल्यांदा दाब वाढवतात. ‘हवा वाढव रे!’ अशी आरोळी ऐकू येते. बहुतेक गन ९० पौंडांसाठी बनवलेल्या असतात. त्याच्या वर गेलं, की थोडा वेळ जोर वाटतो आणि आतले भाग मात्र लवकर झिजतात. शहाणा मेस्त्री आधी तीन गोष्टी बघतो. गन चालू असताना काट्यावर दाब किती राहतो? पाईप कुठे गळतोय किंवा दुमडलाय का? आणि शेवटचं तेल कधी घातलं होतं? बहुतेक वेळा उत्तर या तिसऱ्या प्रश्नातच सापडतं. आणि हा नुसता यंत्राचा प्रश्न नाही बरं का! कमजोर गनने नट पुरता आवळला गेला नाही आणि भरलेल्या गाडीचं चाक वाटेत निखळलं, तर?

घरी करून पाहा

कॉम्प्रेसर घरी नसतो, पण सायकलचा पंप असतो. तोही हवेचंच हत्यार! पंपाचं तोंड बोटाने घट्ट दाबून दांडा पंधरा-वीस वेळा जोरात मारा. मग पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून बघा. गरम लागतं ना? हवा दाबली की तापते. म्हणूनच कॉम्प्रेसर तापतो.

आता उलटा प्रयोग. ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडा आणि बोट बाजूला जवळ धरा. गार लागते. हवा पसरली की थंड होते. थंडीच्या दिवसांत जॅकहॅमरच्या हवा सोडायच्या तोंडाशी बर्फाचे कण धरतात, ते याचमुळे.

आणि तुमचा पंप हवा मारेनासा झाला असेल, तर लगेच नवा मागू नका. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या दांड्याला चामड्याचा वायसर असतो. तो वाळून आक्रसला, की हवा कडेने परत येते. मोठ्यांच्या मदतीने दांडा बाहेर काढा, वायसरला तेलाचे दोन थेंब चोळा, बोटाने त्याची कडा जरा बाहेर फाकवा आणि परत बसवा. पंप पुन्हा हवा मारू लागेल. आजीला विचारा, रॉकेलच्या स्टोव्हचा पंप ती असाच ताळ्यावर आणत असे! वायसर रबराचा असेल, तर मात्र हे तेल नको. रबराचं आणि तेलाचं का जमत नाही, ते आपण वर पाहिलंच.

गंमत नको!

शेवटी एक गोष्ट अगदी निक्षून सांगायची आहे. हवाच तर आहे, असं म्हणून कधी कुणाच्या अंगावर तिचा पाईप रोखू नका. कपड्यांवरची धूळ झटकायलाही नाही. दाबाची हवा कानात गेली, तर पडदा फाटतो. डोळ्यात कचरा शिरला, तर दृष्टी जाते. जखमेतून हवा रक्तात शिरली, तर जीव जाऊ शकतो. ‘गंमत’ म्हणून कुणाच्या अंगाला मागून पाईप लावल्यामुळे आतडी फाटून माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. सोबत्यांपैकी कुणी अशी थट्टा करत असेल, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. हसू नका.

गनचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानाला बोळे हवेत. डोळ्याला चष्मा हवा. जॅकहॅमरवाल्याला दगडाच्या धुळीसाठी तोंडाला मास्कही हवा. आणि तुम्ही? तुम्ही सध्या लांबून बघा, प्रश्न विचारा, वहीत चित्रं काढा. १८ वर्षांखालच्या मुलांना धोक्याच्या कामाला लावायचं नाही, असा कायदाच आहे. ज्यांना या कामाची आवड वाटेल, त्यांच्यासाठी पुढे आय.टी.आय.चे दरवाजे उघडे आहेत. तिथे हत्यार चालवायला शिकवतात आणि सांभाळायलाही.

तोवर एवढं करा. टायरच्या दुकानात कधी गेलात, तर तिथल्या काकांना अदबीने विचारा, ‘काका, आज टाकीतलं पाणी काढलंत का?’ ते आधी चमकून बघतील, मग हसतील. आणि न जाणो, उठून कॉक उघडतीलही!